दोन्ही पुडांत भाजी

दचकू नका, वरच्या फळीवरून मी बोलतोय. मी स्टीलचा दोन पुडांचा डबा. खरं तर दचकायचा स्वभाव माझाच. कुकरची शिट्टी झाली तरी माझी कडी थरथरते.

जन्म कुठे झाला ते आठवत नाही. आठवतो तो इंदूरचा बर्तन बाजार आणि पोटावर नाव कोरणारी ती सुई. घर्रर्र! मला वाटलं, संपलो आता. थोड्या वेळानं पाहतो तर पोटावर नवऱ्या मुलाचं नाव, ‘श्रीहरी’, लिहिलेलं. मनोरमाबाईंच्या माहेरून लग्नात मी आलो आणि छत्रीबागेतल्या त्यांच्या दोन खोल्यांत राहू लागलो.

श्रीहरी कापडाच्या मिलमध्ये होते. सकाळचा भोंगा झाला की मी दचकायचो, ते हसून माझी कडी लावायचे आणि झाकणावर बोटांनी दोनदा टकटक करायचे. ‘चला’ म्हणायची ती त्यांची रीत.

दुपारी तिघं एकत्र जेवायला बसायचे: श्रीहरी, बाबूराव आणि रामलाल भिया. इंदुरात भैयाला भियाच म्हणतात. त्यांचा एक नियम होता. कुणी ठरवलेला नव्हता, आपसूक पडून गेलेला. पोळ्या तिघांच्याही बाबूरावांकडून यायच्या. कांदा, मिरची, सेव रामलाल भियाकडून. आणि भाजी आमची. त्यामुळे माझ्या दोन्ही पुडांत भाजीच असायची, अगदी दाबून भरलेली. बाबूराव झाकण उघडायच्या आधीच वास घ्यायचे. म्हणायचे, “श्रीहरी, वहिनींनी आज मेथी केलीय. भिया, तू सरक, मला नीट बसू दे.” खरं सांगतो, पोळी भरून घेणं म्हणजे काय, ते मला कधी ठाऊकच नव्हतं.

मग एका सकाळी भोंगा वाजलाच नाही. रोज ज्या आवाजाला दचकायचो, तो आला नाही म्हणून त्याहून जास्त दचकलो.

मिल बंद झाली. बाजारात मात्र काय काय नवं येऊ लागलं. गल्लीत केबलच्या तारा आल्या, दुकानांत रंगीत चित्रांचे प्लॅस्टिकचे डबे आले. अनुश्रीला, म्हणजे यांच्या तिसरीतल्या मुलीला, तसला एक गुलाबी डबा मिळाला होता. मला फळीवर ठेवून दिलं. खाली श्रीहरी भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. बाबूराव दोनदा दाराशी आले, “श्रीहरी, ओ श्रीहरी!” करून गेले. हे उठले नाहीत.

मनोरमाबाई रेडीमेड कपड्यांच्या कारखान्यात बटणं लावायला जाऊ लागल्या. सकाळी लवकर पोळ्या करून निघायच्या. त्यातच गुलाबी डब्याचं झाकण फुटलं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “आज अनूचा टिफिन तुम्ही भरून द्या. जमेल ना?”

बराच वेळ काही हाललं नाही. मग श्रीहरी उठले. त्यांनी बटाटे चिरले. कढीपत्ता धुतला, मोहरी तडतडली. हळद घालताना ते चक्क गुणगुणत होते. मला खाली काढलं, पुसलं. खालच्या पुडात भाजी, वरच्या पुडात भाजी, वर चिमूटभर सेव. कडी लावली. टकटक.

मी इतका हरखलो होतो, की माझ्याही लक्षात आलं नाही. आमच्या दोघांच्या अंगवळणी तेच पडलं होतं.

शाळेत जेवणाची सुट्टी झाली. मुली व्हरांड्यात रांगेनं बसल्या. अनुश्रीनं झाकण उघडलं, वरचं पूड बाजूला केलं आणि तशीच बसून राहिली.

“अय, देख तो! हिच्या टिफिनमध्ये रोटीच नाही,” शेजारची मुलगी ओरडली. “वर भाजी, खाली पण भाजी!”

“भाजीवाली आली गं! कांदे दे ना एक किलो!”

सगळ्या खिदळल्या. अनुश्रीनं झाकण फटकन लावलं. मला उचलून ती नळापाशी गेली. मला कळत होतं तिचं. भाजी तशीच घरी नेली तर बाबांना चूक कळणार. इतक्या दिवसांनी बाबा उठले होते, ते पुन्हा भिंतीकडे वळणार. आणि मोरीत ओतली तर कुणालाच काही कळणार नव्हतं. तिनं कडी काढली. मी तिरका झालो. ती मोहरी, तो कढीपत्ता, ते गुणगुणणं, सगळं आता मोरीत जाणार म्हणून माझा जीव कडीत अडकला.

“ए, फेकतेस काय?” मागून आवाज आला. तिच्याच वर्गातली यामिनी. हातात पोळ्यांचा डबा. “माझ्याकडे रोज नुसतं लोणचं असतं यार. दाखव तरी.”

अनुश्रीनं मला छातीशी धरलं. “माझ्या बाबांनी केलीय,” ती म्हणाली. जणू भांडायलाच उभी होती.

यामिनीनं बोटानं एक फोड उचलली. “बाबांनी? सच्ची? मस्त आहे की. बस इथे. या घे पोळ्या.”

नळाशेजारच्या पायरीवर दोघी बसल्या. वास लागला तशी कस्तुरीही आली, मघाशी कांदे मागणारी. “सरक ना थोडी,” म्हणाली. मला एकदम मिलमधली दुपार आठवली.

घरी श्रीहरी दाराशीच उभे होते. आल्या आल्या त्यांनी मला उघडलं. दोन्ही पुडं रिकामी. चेहरा उजळला. मग मला मोरीशी ठेवायला गेले आणि त्यांची नजर पोळ्यांच्या डब्यावर पडली. अनूच्या वाटच्या सकाळच्या पोळ्या तशाच होत्या.

“अनू,” ते कसेबसे म्हणाले, “पोळ्या तर इथेच राहिल्या गं. माझं डोकं पण ना... तू खाल्लंस काय?”

“यामिनीच्या पोळ्या,” अनुश्री दप्तर काढता काढता म्हणाली. “बाबा, उद्या पण दोन्हीत भाजीच द्या हं. पोळ्या यामिनी आणणार. कस्तुरी सेव आणणार. आमचं ठरलंय.”

श्रीहरी जमिनीवरच बसले. मला वाटलं, रडतात की काय. पण ते हसत होते, पोट धरून. डोळे मात्र पुसत होते. मग उठले, पायांत चपला अडकवल्या.

“कुठे निघालात?” अनुश्रीनं विचारलं.

“बाबूरावांना सांगून येतो,” ते म्हणाले. “त्यांना आवडेल हे.”

पुढे अनुश्री मोठी झाली, इंदुरातच भंवरकुआंकडे राहायला गेली, मलाही बरोबर नेलं. आता माझ्या एका पुडात मनोरमाबाईंची उरलेली बटणं आहेत आणि दुसऱ्यात दोऱ्याची रिळं. तक्रार नाही. फक्त फळी हलली की बटणं खुळखुळतात आणि मी दचकतो. खाली सकाळी ती मुलाचा डबा भरते. शाळेची सूचना आहे म्हणे, एकमेकांचं खायचं नाही, संसर्ग होतो. तीही बिचारी घाबरते, मुलाला बजावते. पण भाजी मात्र जरा जास्तच भरते. झाकण लावते आणि नकळत बोटांनी दोनदा टकटक करते.

ती टकटक ऐकली की मला भोंगा आठवतो, श्रीहरी आठवतात. तेवढ्या एका आवाजाला मी कधी दचकत नाही.

तुम्हीही सकाळी घाईत डबा भरत असाल, तर माझं एक ऐका. एका जिवाला पुरेल त्यापेक्षा घासभर जास्त घाला. पलीकडे बसलेल्या कुणाच्या डब्यात आज नुसती भाजीच असेल.