खिडकीतली ताडाची झाडं

आईला वृद्धाश्रमात टाकून माझ्या भावाने, वेंडलने, तिचं घर व्हिडिओ कॉलवर स्वतःच्या नावावर करून घेतलं. नोटरी त्याचाच दोस्त, ग्लेन. अशा कॉलचं रेकॉर्डिंग ठेवावंच लागतं, ते मी मागून घेतलं. आई ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरत होती आणि ग्लेन "अजून वर, आजीबाई" म्हणत दात काढत होता. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रडले. दुसऱ्यांदा मी ग्लेनच्या मागची खिडकी पाहिली. तिच्यात ताडाची झाडं होती, आणि त्या दिवशी आमच्या नेब्रास्कात गुडघाभर बर्फ होता.

कोर्टात वेंडल म्हणाला, "देशाचा कायदा कॉम्प्युटरवरची सही मानतो."

"सही मानतो," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "पण नोटरीने कुठे बसायचं ते राज्य ठरवतं. नेब्रास्काचा नोटरी नेब्रास्कातच बसला पाहिजे. हे महाशय फ्लोरिडात होते."

दस्त रद्द झाला, ग्लेनचा शिक्काही गेला. आई घरी परतली आणि मी दारावर कॅमेरा बसवला.

परवा वेंडल दाराशी आला. आईने विचारलं, "उघडू का गं?"

"आधी त्याला ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला सांग," मी म्हटलं. "अजून वर."