कुलसुमबीने वगळलेले शब्द

सकाळपासून फोन सतरा वेळा वाजला आणि सतराही वेळा पलीकडे शिंपीच! कुणी व्हिसा मागतो, कुणी पगार विचारतो. एक तर थेट केरळहून. गिऱ्हाईक औषधालाही नाही.

"हिबा, जाहिरात दिलीस की भरतीचं ऑफिस उघडलंस?" कुलसुमबीने कात्री आपटली.

ईद पंधरा दिवसांवर. तोवर ऑर्डरी आल्या नाहीत तर मस्कतच्या रुवी भागातलं दुकान बंद करून अम्मीला रत्नागिरीला धाडायचं, असं तिच्या लेकाने, सादिकने, ठरवून टाकलेलं. अठ्ठावीस वर्षं अबाया, म्हणजे बायकांचे पायघोळ झगे, शिवणाऱ्या बाईला धाडणारा हा कोण? म्हणूनच सुनेने, हिबाने, इंटरनेटवर जाहिरात दिली होती.

"अम्मी, लोक शोधताना जे शब्द टाकतात ते आपल्या शब्दांशी जुळले, की जाहिरात दिसते. मी 'टेलर मस्कत' दिलंय."

"म्हणजे 'मस्कतमध्ये टेलरची नोकरी' शोधणाऱ्यालाही दिसणार?"

"हो. सोबत दुसरे शब्द असले तरी जुळतं."

"अगं शहाणे, अर्धा मुलूख इथे नोकरीच शोधतोय! दारात मी काय करते? व्हिसा म्हणाला की बाहेर. तुझ्या यंत्राला हे जमत नाही?"

हिबा ताडकन सरळ बसली. "जमतं! नको ते शब्द वगळायच्या यादीत टाकायचे. शोधात ते आले, की जाहिरात दिसतच नाही."

"मग लिही! नोकरी. व्हिसा. पगार. जुनी मशीन विकणारेही नकोत." दुसरी पास कुलसुमबी आता उभी राहून सांगत होती. "आणि टेलर काढ. आपली गिऱ्हाइकं टेलर नाही शोधत, अबाया शिवून मागतात."

हिबाने 'अबाया शिलाई' इंग्रजीत आणि अरबीत अवतरणचिन्हांत टाकलं. आता शोधात हे शब्द किंवा त्याच अर्थाचं काही असलं तरच जाहिरात दिसणार.

दुपारभर फोन मुका. सादिक येऊन हसला. "खलास, अम्मी?"

"रोजा आहे म्हणून गप्प बसलेय, समजलास?"

आणि फोन वाजला. बौशरची ओमानी बाई, तीन मुली, सहा अबाया, ईदच्या आधी! कुलसुमबीने दुकानी अरबीत मापाची वेळ दिली. ठेवते न ठेवते तोच दुसरा, कुरुमहून. तिसऱ्याला सादिकने हात पुढे केला.

"खबरदार! गिऱ्हाइकांशी मी बोलणार. तू कापडाचा गठ्ठा उचल. आणि शटरवर 'दुकान विकणे आहे' चिकटवलंयस ना, ते आधी खरवडून काढ. यल्ला, चल लवकर!"