फाटकापासून शवपेटीपर्यंत

ओसाका. माझं सासर. साथीत तिथं सरकारनं कुणाला कोंडलं नाही, घरात राहायची विनंती केली. शेजारणी पडद्याआडून बघायच्या. तेवढं पुरायचं.

शांघाय. धाकटी बहीण सू-लान तिथं. तिच्या इमारतीला बाहेरून पत्रे ठोकलेत. कोबी आत येतो, माणूस बाहेर जात नाही.

ताइनान. माहेर. आई तिथं, पेटीत.

मीही ताइनानलाच, विलगीकरणाच्या हॉटेलात. घर सायकलच्या अंतरावर. दाराला कुलूप नाही. उंबरा ओलांडला की दंड.

फोनवर, व्हिडिओ कॉलवर, तिघं भावंडं. दादा घरी, पेटीपाशी.

"आमच्याकडे बरं," सू-लान म्हणाली. "दंडाची भानगडच नाही. ओलांडायला दारच नाही."

"आणि जपानात मास्क नाही लावला तर?" दादानं विचारलं.

"समोरचा वाकून माफी मागतो," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. बहुधा मीच.

"दादा, मी सुटेपर्यंत थांब ना."

"गुरुजींनी दिवस काढलाय, च्याओ. मामा पेटीला शेवटचा खिळा ठोकायला आलेत. तू तिथूनच ये."

तिथूनच ये. म्हणजे काय ते आम्हाला कळतं. आईच्या शेवटाला न पोचलेल्या लेकीनं फाटकापासून पेटीपर्यंत गुडघ्यांवर यायचं, रडत. घरच्या कुणी हात धरून उठवलं की उठायचं. त्याआधी नाही.

खोलीचं दार म्हणजे फाटक. फोन पलंगावर उशीला टेकवला. उशी म्हणजे आई.

निघाले. गालिच्याला साबणाचा वास. रडू नाही.

"आवाज काढ गं," दादा पुटपुटला. "मामा बघतायत."

"ताई, तुझ्या वाटचं मी रडते," सू-लान म्हणाली, आणि खरंच रडायला लागली. मग तिच्या घराच्या दारावर थापा पडल्या. "तपासणीवाले. थांबा हं, आ करून येते."

तिचा चौकोन रिकामा. मागं कोबी.

मी पलंगाशी पोचले. हातोडीचा आवाज आला.

"झालं," दादा म्हणाला. "ऊठ आता."

"उठव की."

"अगं, मी इथं आहे."

"माहीत आहे."

दादाचा हात कॅमेऱ्यापर्यंत आला. फोनचा पडदा सगळा तळहाताच्या रंगाचा झाला. मग हात मागं गेला.

घंटा वाजली. जेवण. ठेवणारा लांब जाईपर्यंत दार उघडायचं नाही, असा नियम.

तो केव्हाच गेला असेल. मी अजून गुडघ्यांवर आहे.