अकरा एल्झेनब्रोक

टेलिफोनच्या यादीत एल्झेनब्रोक आडनावाच्या नोंदी अकरा होत्या. नऊ जर्मनीतल्या लिपे भागातल्याच, एक ब्रेमेनची, एक हाईल्केची स्वतःची. त्या नवांपैकी चार घरांत तो आजार होता. चाळिशीनंतर हात आपोआप नाचू लागत, मग पाय, मग जीभ. शेवटी माणूस पोटच्या मुलांनाही ओळखेनासा होई.

"सगळे एकाच शेतवाडीतून निघालेले," चर्चचं दफ्तर सांभाळणारे ट्योले काका म्हणाले. "दलदलीच्या काठची वाडी. वाडीचं नाव तेच माणसांचं."

हाईल्के एक्केचाळीसची. वीस वर्षं ती बेकरीत केकवर क्रीमने नावं लिहीत होती. वडील एकोणतिसाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात गेले. त्यांच्यात आजार उतरला होता की नाही, हे कळायला ते तेवढे जगलेच नाहीत. गेल्या महिन्यात तिच्या हातून दोन कप पडले.

"हात नाचतायत गं, प्रेमात पडलीस की काय?" बेकरीतली उर्टे हसली होती. हाईल्केही हसली, आणि मागच्या खोलीत जाऊन हात मांडीखाली दाबून बसली.

"हे बघ, तुझे खापरपणजोबा," काकांनी बाप्तिस्म्यांच्या वहीवर भिंग धरलं. "मूळचं आडनाव मायर. वाडीची वारस होती आना. तिच्याशी लग्न करून वाडीत आले, म्हणून वाडीचं आडनाव लावलं. तेव्हा रीतच होती तशी. आना १८७३ला वारली, मूलबाळ नाही. मग त्यांनी सोफीशी लग्न केलं. तू त्या सोफीच्या वंशातली."

"म्हणजे वाडीचं रक्त माझ्यात नाहीच?"

"नुसतं नाव, पोरी! टोपीसारखं. डोक्यावर बसली की आपली."

हाईल्के इतक्या मोठ्याने हसली की स्वतःच दचकली. "काका, उद्या तुम्हाला केक. नाव मोठ्या अक्षरांत!"

"चेरीचा आण. उर्टेनं केलेला नको, दगड असतो. थांब, सोफी कुठली तेवढं लिहून घेऊ." काकांनी लग्नांची वही उघडली. त्यांचं बोट एका ओळीवर गेलं आणि तिथेच राहिलं.

"काय झालं?"

काकांनी भिंग खाली ठेवलं.

"काका, बोला ना."

"सोफी एल्झेनब्रोक," ते हळू म्हणाले. "आनाची धाकटी बहीण."

तपासणीसाठी रक्त दिल्यावर पाच आठवडे गेले. तेवढे दिवस हाईल्के क्रीमची पिशवी दोन्ही हातांनी धरत होती. उर्टेने त्यावर चेष्टा केली नाही.

डॉक्टरीणबाईंनी बंद पाकीट टेबलावर ठेवलं. "एका जनुकातला छोटा तुकडा किती वेळा पुन्हा पुन्हा येतो, तेवढं मोजलंय. एक आकडा आईकडून आलेला, एक वडिलांकडून. एक जरी चाळीस किंवा त्याच्या वर असला, तर आजार होणार. अजूनही नको म्हणता येईल तुम्हाला."

"उघडा," हाईल्के म्हणाली.

पहिला आकडा सतरा होता. दुसरा त्रेचाळीस.