नाव मागायला आलेली बाई

स्वालानं टबातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं. तेवढ्यात पाठीमागून सासू म्हणाली, की ती बाई काल पुन्हा स्वप्नात आली होती.

"परत?"

"पलंगाच्या पायथ्याशी उभी. म्हणाली, तुमच्याकडे मला जागा आहे का? नाव स्पष्ट सांगितलं. गुनहिल्दुर."

स्वालानं पाच आठवड्यांच्या मुलीला अलगद पाण्यात सोडलं. बाप्तिस्म्याला दहा दिवस होते. तोवर नाव उच्चारायचं नसतं, म्हणून सगळे तिला नुसतं 'छोटी' म्हणत. घरात मूल आलं की गेलेलं माणूस स्वप्नात येऊन नाव मागतं, आणि त्याला रिकाम्या हाती पाठवू नये, हे स्वालाच्या माहेरीही मानत. पण सासूनं, स्टेनवरनं, हे स्वप्न पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या बाईच्या अंगावर ओली शाल होती. आता शाल वाळली होती, आणि बाईला चष्मा लागला होता.

स्वालाच्या मनात स्वतःच्या आईचं नाव होतं. आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती मात्र एकदाही स्वप्नात आली नव्हती.

पाद्रीबुवांनी जुनी दप्तरं चाळून सांगितलं, की स्टेनवरच्या घराण्यात दीडशे वर्षांत कुणी गुनहिल्दुर नाही. तिच्या नवऱ्याच्या घराण्यातही नाही. स्वालानं मासेमारीच्या बोटीवर नवऱ्याला, बेर्गुरला, फोन लावला. तो जरा थांबला आणि म्हणाला, आईलाच विचार. त्या थांबण्यानं स्वालाचा संशय दुणावला. ही बाई आहे तरी कोण? बेर्गुरची कुणी? त्यानंतर ती सासूच्या हातचं खातानाही तिच्या तोंडाकडे बघत राही.

उलगडा केला छोटीचं वजन करायला आलेल्या नर्सनं. नाव ऐकताच ती म्हणाली, "गुनहिल्दुर? आमच्या वृद्धाश्रमात आहे एक. खाडीपलीकडे. एक्याण्णव वर्षांची."

"जिवंत आहे?"

"सकाळीच माझ्याशी भांडली."

जिवंत माणूस नाव मागायला स्वप्नात येत नाही. तो मान मेलेल्यांचा. म्हणजे सासू धडधडीत खोटं बोलत होती, तेही तान्ह्या पोरीच्या नावावरून. दुसऱ्या दिवशी स्वालानं छोटीला गाडीत घातलं आणि पूल ओलांडला.

म्हातारी खिडकीशी बसून सुक्या माशाच्या पट्ट्यांना लोणी लावत होती. स्वालानं आपण कुणाची सून ते सांगितलं. म्हातारीचा हात थांबला.

"कशी आहे ती?"

"ओळखता तुम्ही त्यांना?"

म्हातारीनं लोण्याचा डबा झाकला आणि जे सांगितलं ते थोडकंच होतं. स्टेनवर सहा वर्षांची असताना तिची आई वारली. त्या घरी ही मेंढ्या राखायला होती. पोरीची वेणी घालायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हिनं घातली, अकरा वर्षं. लग्न करून जाताना पोर गळ्यात पडून म्हणाली, पहिल्या मुलीला तुझंच नाव देईन. पहिल्या मुलीला सासूचं नाव द्यावं लागलं. पुढे सगळे मुलगेच झाले. येणं कमी झालं, मग बंदच झालं. शेवटची आली त्याला नऊ वर्षं झाली. केकचा डबा दिला आणि अंगातला कोटही न काढता दारातूनच परत गेली.

"तुम्ही कधी बोलून दाखवलंत का त्यांना?"

"नाव काय मागून घ्यायचं असतं? आणि हे असलं?" म्हातारी हसली. "गुन म्हणजे लढाई. हिल्द म्हणजेही लढाईच. लढाईवर लढाई. आणि जन्मभर मी लढले कुणाशी, तर मेंढ्यांशी."

स्वाला येताना बरंच काही विचारायचं ठरवून आली होती. पण स्वप्नाचं तिनं नावही काढलं नाही. म्हातारीनं रुमालाला एकेक बोट पुसलं, दोनदा पुसलं, आणि मगच छोटीसाठी हात पुढे केले.

"वजन किती?"

"साडेचार किलो."

"खोटं. जास्त आहे," म्हातारी म्हणाली, आणि बराच वेळ तिनं पोर परत दिली नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी स्टेनवर काळा पोशाख घालून आरशासमोर उभी होती. बोटीवरून परतलेला बेर्गुर पुढे चर्चला गेला होता. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग? नाव काय ठरलं?"

"चर्चमध्ये कळेल," स्वाला म्हणाली. तिनं गाडीची किल्ली सासूपुढे धरली. "त्याआधी वृद्धाश्रमातून एका पाहुण्यांना आणायचंय. अकरा वाजताची वेळ दिलीय. त्यांना बूट घालायला वेळ लागतो, तेव्हा घाई करू नका."

कोण पाहुणे, हे स्टेनवरनं विचारलं नाही. तिनं एक हातमोजा घातला, काढला, पुन्हा घातला.

"तू काय सांगितलंस तिला?"

"तुम्ही घ्यायला येताय, एवढंच."

स्टेनवर जिना उतरून गेली. स्वाला छोटीला खांद्याशी धरून खिडकीत आली. गाडी अंगणातून निघाली, उतारावरून खाली गेली आणि फाट्यावर थांबली. डावीकडे चर्च होतं, उजवीकडे पूल. मागेपुढे एकही वाहन नव्हतं, तरी गाडी हलेना. स्वालाच्या खांद्यावर छोटी पेंगायला लागली. मग गाडीचा उजव्या बाजूचा दिवा लुकलुकू लागला. लुकलुकत राहिला. आणि कितीतरी वेळानं गाडी पुलाकडे वळली.