उरलेले आठ कोस

माझ्या लेकाचं, उद्धवचं, पत्र आलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. लग्न बुधवारी दिवेलागणीला, आमच्याच दारात, अन् नवरदेव कलकत्त्यात नोकरीवर. साहेब रजा देईल तर मंगळवारीच. मिळाली तर रात्रीच्या विमानानं नागपूर, पुढं आगगाडीनं मलकापूर. नागपूरला उतरलो की तार करतो, असं लिहिलं होतं. त्या सालीच रात्रीची विमानं नागपूरला उतरू लागली होती.

माझा पुतण्या रमाकांत मास्तर. त्यानं गोठ्याच्या भिंतीवर खडूनं सगळं मांडलं.

"सहाशे मैल, काकू. फक्त चार तास! मध्यरात्री नागपूर, दुपारी एकले मलकापूर."

"अन् मलकापुराहून आपलं गाव?"

"आठ कोस. ते तुमच्या बैलाईच्या पायात. बुधवारी सकाळीच दमणी धाडा."

मी नाही म्हटलं. तार आल्याबिगर माझ्या दमणीचे बैल हलणार नाहीत. रिकामी दमणी परत आली असती, तर नवरीचे वडील भगवानराव मांडवात बसून मिशीत हसले असते.

बुधवारी दुपार कलली, तार नाही. नवरदेवाची उष्टी हळद लागल्याशिवाय नवरीला हळद नाही, म्हणून कोकिळा बिचारी सकाळपासून कोरडीच बसलेली. वाटीतली हळद वाळत चालली. मी पाणी घालायची, बोटानं ढवळायची, वेशीपर्यंत जायची, परत यायची. तिसऱ्यांदा पाणी घातलं तेव्हा माझी जाऊ तानुबाई बोललीच, "बाई, आता हळद कुठी राह्यली त्यात? निरं पिवळं पाणी."

"तू तुझ्या पुऱ्या पाह्य."

तेवढ्यात भगवानराव उठून आले. "विहीणबाई, जावई आभायातून येऊन राह्यले म्हणे. मांडवाले भोक पाडू काय?"

"पाडा. तुमच्या मिशा तेवढ्या बाजूले घ्या."

मांडव हसला, ते हसले नाहीत. "मुहूर्त टळला, तर आम्ही पोरीले घेऊन गाड्या जुपतो."

चार वाजले होते. सगळ्यांसमोर मी रमाकांतला म्हटलं, "जुप दमणी."

"तार नाही ना आली, काकू?"

"जुप म्हणते ना बे!"

मग माझा पाय ठरेना. वेशीतले लोक मला पाहून बाजूला होऊ लागले.

दिवस हातभर उरला तेव्हा दमणी आली. उद्धव बूट हातात घेऊन लंगडत उतरला. गावापासून दोन कोसांवर पायी येताना सापडला म्हणे.

"तार काऊन नाही केली रे?"

त्यानं खिशातून काढून माझ्या हातात दिली. "मलकापुरातच पडली होती, माय. टपालवाला उद्या निंघणार होता. म्हटलं, मीच नेतो. दुपारी एकले उतरलो, अर्धा घंटा दमणीची वाट पाह्यली, मंग चालाले लागलो."

पाटावर बसवलं. तळव्यांचे फोड फुटले होते. हळद पायापासून वर चढवत नेतात, ही रीतच आहे. मी वाटी घेऊन त्याच्या पायांशी बसले अन् तिथंच रेंगाळले.

"विमानाले किती लागले रे?"

"चार तास, माय."

मान वर करवेना. पाहणाऱ्यांना वाटलं, रीत चालली आहे.

"चढा वर, बाई," तानुबाई ओरडली, "पोरीले उष्टी हळद न्याची हाय!"