मिठागरावरचा आवाज

गोझो बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, खडकात कोरलेल्या उथळ कुंडांत, माझे मेहुणे वेन्झू मीठ पिकवतात. त्या घराण्यात ज्याच्या हाती लाकडी फावडे दिले जाते, मिठागर त्याचे. त्यांची मुलगी, माझी भाची मारीस, हिला ते हवे होते. त्यासाठी तिने हॉटेलातली नोकरी सोडली. वेन्झूंची अट एकच होती: यंदाच्या शेवटच्या भरणीचे, म्हणजे कुंडांत शेवटच्या खेपेला भरलेल्या समुद्राच्या पाण्याचे, मीठ तिने एकटीने पिकवून दाखवावे.

दुर्दैव असे, की नोकरीत असताना पाहुण्यांसाठी ‘बेटावर काय पाहावे’ ही यादी तिनेच लिहिली होती. किल्ला, गुहेतली नौकाफेरी, तांबड्या वाळूचा किनारा. आणि चौथ्या ओळीत, अभिमानापोटी, आपले मिठागर.

भरणीच्या सहाव्या दिवशी मारीस जेवायला घरी गेली होती आणि मी वेन्झूंपाशी सावलीत बसलो होतो. तेवढ्यात ती यादी घेऊन हॉटेलातले बसभर पाहुणे आले आणि अंगाला क्रीम चोपडलेले ते सगळे थेट कुंडांत उतरले. पाण्यावर तेलकट साय पसरू लागली.

“भावोजी, हाकला त्यांना.”

“मिठागरावर आवाज चढवायचा नाही, मास्तर. मीठ कडू होतं. माझ्या बापानं इथं कुणाला ‘अरे’ म्हटलं नाही.”

“तुमच्या बापाच्या वेळी तेल चोपडून नाचायला कोण येत होतं? तेलाखाली पाणी आटत नाही.”

“ते तुमच्या शाळेत शिकवा.”

तरी ते उठले, जवळ गेले आणि आमच्या भाषेत, हळू आवाजात, काहीतरी विनवू लागले. पाहुण्यांनी हसून त्यांचा फोटो काढला.

तोच मारीस परतली. “बाहेर व्हा! सगळे बाहेर!” तिच्या त्या ओरडण्याने दोन मिनिटांत कुंडे रिकामी झाली. वेन्झूंचा चेहरा मात्र पांढराफटक पडला.

आठवड्याने खालच्या कुंडांत करडा चिखल तेवढा उरला होता. आग्नेयेचा दमट वारा सुटला होता. पुन्हा भरणी करण्याइतके दिवस उरले नव्हते.

“बाबा, हे त्या क्रीमनं झालंय.”

“तू ओरडलीस.”

“ओरडले म्हणून तरी गेले ते! तुमच्या विनवण्यांनी गेले असते?”

“हॉटेलात जा, पोरी. तिथं ओरडलेलं चालतं.”

मला राहवले नाही. मारीसने त्याच वेळी भरलेल्या वरच्या कड्यावरील तीन कुंडांत कुणीच उतरले नव्हते आणि ती शुभ्र मिठाने भरली होती. मी वेन्झूंना हाताला धरून वर नेले. “आता बोला, भावोजी. हे कसं पिकलं?”

त्यांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवले. “गोड आहे,” ते म्हणाले. “इथवर आवाज पोचला नसेल.”

मी त्यांचा हात सोडून खाली उतरलो. मारीसने ते मीठ ओंजळींनी पोत्यात भरले, बापाच्या दारात ठेवले आणि सोमवारी ती पुन्हा हॉटेलात कामावर रुजू झाली. पोते अजून तिथेच आहे. वेन्झू त्याला वळसा घालून घरात शिरतात.